अमरवेलीचा अर्धा गुण

गेल्या वर्षी पूर्व उपनगरांतील विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात बोलण्यासाठी मी मुलुंडला गेले होते. विषय होता 'सजीव आणि ऊर्जा'. भाषण झाले, प्रश्नोत्तरे झाली, चहाही झाला. मंडळी पांगू लागली तेव्हा घाटकोपरच्या एका शाळेतील बाई पिशवीतून एक उत्तरपत्रिका काढून माझ्याकडे आल्या. आठवीच्या चाचणीत त्यांनी 'वनस्पती व प्राणी यांतील फरक लिहा' हा नेहमीचा प्रश्न घातला होता. एका मुलीने बाकीचे फरक नीट लिहून शेवटी एक वाक्य जोडले होते : 'वनस्पती स्वतःचे अन्न स्वतः तयार करतात हा फरक मी लिहीत नाही, कारण अमरवेल तयार करत नाही.' बाईंनी त्या मुद्द्याचा अर्धा गुण कापला होता.

"नमुना उत्तरात तो मुद्दा आहे, म्हणून कापला," त्या म्हणाल्या, "पण तेव्हापासून मनाला लागून राहिले आहे. मॅडम, द्यायला हवा होता का हो? आणि द्यायचा तर मग अमरवेलीला वनस्पती का म्हणायचे, हे तिला कसे समजावू?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. अर्धा नव्हे, एक गुण द्यायला हवा होता, असे मी सांगितले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र रिकामा कप हातात धरून उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. ते येथे देत आहे.

आपण वर्गात दोन निराळे प्रश्न नकळत एकत्र करतो. 'हा सजीव जगतो कशावर?' हा एक प्रश्न, आणि 'हा सजीव कोणाच्या कुळातला?' हा दुसरा. पहिला ऊर्जेचा, दुसरा वर्गीकरणाचा. डोळ्यांसमोर आंब्याचे झाड आणि त्याखाली बसलेली गाय असेल तर दोन्ही प्रश्नांची उत्तरे जुळतात आणि आपली गैरसोय होत नाही. पण आपल्या आडनावांकडे पाहा. सुतार आडनावाचे गृहस्थ बँकेत असतात, कुलकर्णी किराणा दुकान चालवतात, जोश्यांच्या घरी पंचांग असेलच असे नाही. कधीकाळी आडनाव आणि धंदा यांचा संबंध होता. आज आडनावावरून धंदा ओळखू गेलात तर फसाल, आणि धंद्यावरून आडनाव ओळखू गेलात तर त्याहून अधिक. सजीवांचे नेमके असेच आहे. कूळ हे पूर्वजांकडून येते, आणि पोट भरण्याची रीत परिस्थितीप्रमाणे बदलू शकते.

आता अमरवेल. मेंदीच्या कुंपणावर कोणीतरी पिवळ्या शेवयांचा गुंता टाकून द्यावा तशी ती दिसते. तिला जमिनीत मूळ नसते, असे आपण सांगतो. खरे म्हणजे बी रुजताना थोडेसे मूळ असते. पण काही दिवसांत आधार देणारे झाड सापडले नाही तर रोपटे मरते, आणि सापडले तर मूळ वाळून जाते. हे झाड ती चाचपडत शोधते असे वाटे. २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की तेथील एका जातीच्या अमरवेलीचे रोपटे टोमॅटोच्या रोपाच्या वासाच्या रोखाने वाढते, आणि गहू व टोमॅटो दोन्ही जवळ असतील तर टोमॅटोकडे वळते. झाड सापडले की त्याच्या खोडात शोषक मुळे घुसवून ती तयार अन्न ओढून घेते. हरितद्रव्य तिच्यात जवळजवळ नाही. म्हणजे धंद्याने ती आपल्यासारखीच परपोषी.

पण तिला बारीक पांढुरकी फुले येतात, फळ धरते, बी होते. फुलाची रचना पाहा, पेशीभित्तिकेतील सेल्युलोज पाहा किंवा आजच्या पद्धतीने डीएनए तपासा, उत्तर एकच येते. ती रताळ्याच्या आणि समुद्रकाठी वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या कुळातली आहे. तिच्या पूर्वजांचा धंदा प्रकाशसंश्लेषणाचा होता, तिने तो सोडला. हरितलवकांचे अवशेष तिच्या पेशींत अजून आहेत. दुकान बंद झाले तरी पाटी तशीच राहावी, तसे.

याची दुसरी बाजू कोकणच्या किनाऱ्यावर दिसते. तेथे झुडपांवर अगदी अशीच, किंचित हिरवट दोऱ्यांची एक वेल असते. तिलाही लोक अमरवेलच म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव कॅसिथा, आणि कूळ दालचिनी-तमालपत्राचे! दोन अगदी दूरच्या घराण्यांतील वनस्पतींनी एकच धंदा पत्करला आणि त्या धंद्याने दोघींना एकसारखे रूप दिले. जगण्याच्या रीतीवरून वर्ग पाडले असते तर या दोघींना आपण सख्ख्या बहिणी ठरवले असते. (आंब्यावरचे बांडगूळ या दोघींहून वेगळे. ते झाडाकडून पाणी आणि क्षार घेते, पण पाने हिरवी ठेवून अन्न बरेचसे स्वतः तयार करते.)

येथे एखादा विद्यार्थी विचारील, की नाते जवळचे की लांबचे याने फरक काय पडतो? त्याला नाशिककडच्या द्राक्ष बागाईतदाराकडे पाठवावे. द्राक्षवेलीवर भुरी आणि केवडा असे दोन रोग येतात. भुरीत पानावर पांढरी पूड पसरते. केवड्यात, ज्याला बागाईतदार डाऊनी म्हणतात, पानावर तेलकट पिवळे डाग पडतात आणि खालच्या बाजूस पांढरी वाढ दिसते. दोन्ही रोगकारक धाग्यांच्या रूपात वाढतात, दोन्ही वेलीतून अन्न शोषतात. दीर्घकाळ दोघांनाही कवकच मानले जात असे. पण भुरीचा जीव खरा कवक आहे आणि केवड्याचा जीव कवक नाहीच. त्याच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज व त्यासारखे पदार्थ असतात आणि त्याचे जवळचे नातलग म्हणजे समुद्रातील तपकिरी शैवाले व डायाटम. कवकांना आपल्या पेशीपटलासाठी एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ बनवावा लागतो. भुरीवरची कित्येक औषधे हे काम बंद पाडतात. केवड्याचा जीव एर्गोस्टेरॉल बनवतच नाही, म्हणून ही औषधे त्याच्यावर फवारली तर पैसे वाया जातात. धंदा एक असूनही कूळ वेगळे असल्याचा हा रोख हिशेब आहे.

मग पोषणाच्या रीतीवर वर्गीकरण करायची सवय आपल्याला लागली कोठून? काही प्रमाणात पाठ्यपुस्तकातील पंचसृष्टी पद्धतीकडून. १७३५ मध्ये लिनियसने सजीवांच्या दोन सृष्टी मानल्या होत्या, वनस्पती आणि प्राणी. १८६६ मध्ये हेकेलने प्रोटिस्टा ही तिसरी सुचवली. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी अशा पाच सृष्टी मांडल्या. व्हिटेकर हे परिसंस्थांचे अभ्यासक. कोण तयार करतो, कोण खातो, कोण कुजवतो हे प्रश्न त्यांच्या रोजच्या कामाचे होते. म्हणून पेशीच्या रचनेबरोबरच पोषणाची रीत हाही त्यांनी निकष केला. वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात, प्राणी गिळतात, कवके शोषून घेतात. या निकषामुळे एक फार चांगली गोष्ट घडली. अळंबी वनस्पतींच्या दप्तरातून बाहेर आली. पुढे १९९३ मध्ये रेणूंच्या तुलनेवरून असे दिसले, की पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ओंडक्यावर उगवणारी अळंबी ही त्या ओंडक्यापेक्षा आपल्याला अधिक जवळची आहे. (गजकर्णाचे औषध शोधणे अवघड जाते ते यामुळेच. कवकाची पेशी आपल्या पेशीसारखी, मग मारायचे कोणाला आणि वाचवायचे कोणाला?) तेव्हा व्हिटेकर यांची पद्धत टाकाऊ मुळीच नाही. पण तिचा निकष सर्वत्र लावू गेले की अडचण येते, आणि सर्वांत मोठी अडचण मी लहानपणी शाळेच्या वाटेवर पाहिली होती. तेव्हा ती अडचण आहे हे कळले नव्हते, इतकेच.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहत असू. १९९० च्या सुमारास पूर्व द्रुतगती मार्गाच्या खाडीकडच्या बाजूला मिठागरे पसरलेली असत. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हात आटवायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यायचे, आणि उन्हाळ्यात शेवटच्या वाफ्यांत मीठ पिकायचे. मीठ पिकत आले की त्या वाफ्यांतले पाणी गुलाबी होई. आम्हां मुलांत त्याचे एकच स्पष्टीकरण होते : कोणत्यातरी कारखान्याने रंगाचे पाणी सोडले आहे. मोठी माणसेही तेच सांगत. मीठ पिकवणाऱ्यांना मात्र तो रंग म्हणजे पीक जवळ आल्याची खूण वाटे, हे मला फार पुढे समजले.

तो रंग जिवंत असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठाचे खडे पडू लागेपर्यंत हे प्रमाण आठ-दहा पट होते. आपण लोणच्यात मीठ घालतो ते जीवाणूंना रोखण्यासाठी. येथे लोणच्यापेक्षाही खारट पाणी, आणि त्यात एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी सूक्ष्मजीव सुखाने राहतात. त्यांतला एक ड्युनालिएला नावाचे शैवाल. ते आहे हिरव्या शैवालांच्या कुळातले, पण कडक उन्हापासून बचावासाठी गाजरातले बीटा-कॅरोटीन साठवून नारिंगी होते. दुसरे, संख्येने कितीतरी अधिक, हॅलोबॅक्टेरियम आणि त्याचे नातलग. त्यांच्या पेशीपटलातील लाल रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि सगळीकडे तर्कवितर्क सुरू झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून याच गटातील सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले होते. उन्हाने पाणी आटले, क्षार वाढले, आणि एरवी थोडक्या संख्येने असलेल्या या मंडळींचे राज्य आले.

हॅलोबॅक्टेरियम जगते कशावर? बहुतांशी इतर जीवांच्या अवशेषांतील अमिनो आम्लांवर. म्हणजे परपोषी. पण तापलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो, आणि ऑक्सिजन नसला की खाल्लेल्या अन्नातून पुरेशी ऊर्जा काढता येत नाही. अशा वेळी ते आपल्या पटलात एका जांभळ्या प्रथिनाचे ठिपके मांडते. हे प्रथिन १९७१ मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी ओळखले. त्याच्या गाभ्यात रेटिनल हा पदार्थ असतो. 'अ' जीवनसत्त्वापासून होणारा हाच पदार्थ आपल्या डोळ्याच्या दृष्टिपटलातही असतो. हरितद्रव्याचा येथे पत्ता नाही. उजेड पडला की हे प्रथिन पेशीतील प्रोटॉन एकेक करून बाहेर फेकते. मग?

मग जे घडते ते समजण्यासाठी कोयनेचे धरण आठवावे. पाणी उंचावर साठले, खाली येताना त्याने चक्र फिरवले, वीज तयार झाली. पेशीपटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठले की ते परत येऊ पाहतात, आणि परतीच्या वाटेवर एक फिरणारे प्रथिन-यंत्र बसवलेले असते. ते एटीपी तयार करते. पेशीचे सुटे पैसे ते हेच. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. १९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी एक मजेदार प्रयोग केला. सोयाबीनमधील स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या केल्या. त्यांत हॅलोबॅक्टेरियमचे जांभळे प्रथिन बसवले आणि गाईच्या हृदयातून काढलेले एटीपी बनवणारे यंत्रही बसवले. दिवा लावल्यावर त्या पिशव्या एटीपी बनवू लागल्या. पंप एका सूक्ष्मजीवाचा, चक्र गाईचे आणि भिंत सोयाबीनची, तरी काम चालले. १९७८ मध्ये मिचेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मला हा प्रयोग वर्गात अवश्य सांगावासा वाटतो, कारण त्यात आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. धरण आणि चक्र जवळजवळ सर्वत्र एकच आहे. फरक आहे तो धरण भरणाऱ्या पंपाचा. आंब्याच्या पानात तो प्रकाशावर चालतो, आपल्या पेशीत भाकरीवर, खाडीच्या चिखलातील काही जीवाणूंत गंधकाच्या संयुगांवर. आणि पंप ही बदलण्याजोगी वस्तू आहे. अमरवेलीने आपला पंप टाकून दिला. दुसऱ्यांनी तो मिळवला. २००० साली समुद्राच्या पाण्यातील साध्या जीवाणूंत या जांभळ्या प्रथिनाचा भाऊबंद सापडला. त्याचे जनुक एका कुळातून दुसऱ्यात गेल्याच्या खुणा आज स्पष्ट दिसतात. आणि वनस्पतींनी तर पंपासकट कामगारच घरात घेतला. हरितलवक म्हणजे एकेकाळी बाहेर स्वतंत्र राहणारा नील-हरित जीवाणू. तो एका पेशीत शिरला आणि पागडीच्या भाडेकरूसारखा कायमचा राहिला. त्याच्याजवळ आजही स्वतःचे थोडे डीएनए आहे. हॅलोबॅक्टेरियमची गंमत अशी, की प्रकाशातून ऊर्जा मिळाली तरी कार्बन डायऑक्साइडपासून ते साखर बनवत नाही. कार्बन तयार अन्नातूनच घेते. 'स्वयंपोषी की परपोषी?' या प्रश्नाला त्याच्यापाशी सरळ उत्तर नाही, कारण ऊर्जा कोठून आणि कार्बन कोठून हे दोन प्रश्न आपण एकात गुंडाळलेले असतात.

धंदा असा बेभरवशाचा, तर कूळ शोधायचे कशावरून? त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे वंशावळींच्या चोपड्या असतात. तुम्ही बँकेत आहात की गिरणीत, हे पाहून ते नोंद शोधत नाहीत. आजोबा-पणजोबांचे नाव आणि गाव विचारतात. सजीवांची अशी चोपडी रायबोझोममध्ये आहे. प्रथिने बनवणारा हा कण प्रत्येक सजीवाला लागतो, मग तो ऊन खावो, भाकरी खावो की गंधक खावो. त्यातील आरएनएची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या अगदी सावकाश बदलतात. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये ती अक्षरे ताडून पाहिली, तेव्हा मोनेरा या एका नावाखाली दोन परकी घराणी राहत असल्याचे दिसले. एक जीवाणूंचे, दुसरे ज्यांना आज आर्किया म्हणतात त्यांचे. १९९० मध्ये वूझ व सहकाऱ्यांनी सजीवांचे तीन महागट मांडले : जीवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी. तिसऱ्यात आंबा, अळंबी, आपण, सगळे आलो. मिठागरातले हॅलोबॅक्टेरियम आर्किया ठरले. नावात 'बॅक्टेरियम' तसेच राहिले. चुकीचे आडनाव एकदा दाखल्यावर चढले की निघत नाही, याचा अनुभव शाळेच्या कार्यालयात बसणाऱ्यांना असेलच.

हे सगळे आठवीच्या वर्गात सांगण्याची गरज नाही. बाईंना मी एवढेच सुचवले, की वहीत दोन रकाने आखून घ्यावेत, एक 'कूळ' आणि एक 'पोट'. अमरवेल लिहायची ती कुळात वनस्पती, पोटात परपोषी. नील-हरित जीवाणू पोटात स्वयंपोषी, पण कुळात वनस्पती नव्हे. मुले दोन्ही रकाने भरू लागली की पंचसृष्टीचा तक्ताही निराळ्या नजरेने वाचतात. आणि नमुना उत्तरात 'बहुतेक' हा शब्द घालायला परवानगी लागत नाही.

मिठागरे दाखवता आली असती तर उत्तम. पण मी पाहिलेली मिठागरे आता तशी राहिलेली नाहीत. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. त्या गुलाबी वाफ्यांचा मी तेव्हा एक फोटोही काढला नाही, याची हळहळ वाटते. खाडी मात्र अजून आहे, आणि तिचा चिखल वर्गात आणता येतो.

ओहोटीच्या वेळी, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, खारफुटीला धक्का न लावता कडेचा मूठ-दोन मूठ काळा चिखल घ्यावा. त्यात वर्तमानपत्राचे बारीक कपटे, अंड्याच्या कवचाचा चुरा आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा पिवळा बलक मिसळावा. पारदर्शक बाटली दोन-तृतीयांश भरून वर खाडीचे पाणी घालावे, झाकण सैल ठेवावे आणि बाटली उजेडाच्या खिडकीत, पण भर उन्हात नव्हे, अशी ठेवावी. कपट्यांतून कार्बन मिळतो, बलकातून गंधक. सहा-आठ आठवड्यांत थर दिसू लागतात. वर हिरवा थर येतो, तो ऑक्सिजन सोडणाऱ्यांचा. तळाशी काळा, तेथे ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून श्वसन करणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. नशीब असेल तर मध्ये काचेलगत जांभळट डाग पडतात. हे जीवाणू प्रकाशसंश्लेषण करतात, पण पाण्याऐवजी तो हायड्रोजन सल्फाइड वापरतात, त्यामुळे ऑक्सिजन मुळीच सोडत नाहीत. 'प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन बाहेर पडतो' या वाक्यातही 'बहुतेक' घालावे लागते ते यांच्यामुळे.

बाईंनी ही बाटली लावली. त्यांचा फोन आला तेव्हा सातवा आठवडा चालू होता, आणि त्या मुलीला अर्धा गुण वाढवून मिळाल्याचे कळल्यावर आणखी दोघेजण आपापल्या उत्तरपत्रिका घेऊन आले होते. जांभळा डाग एका बाजूलाच, रुपयाच्या नाण्याएवढा पडला होता. तो दुसऱ्या बाजूला का नाही, यावर वर्गात दोन तट पडले होते. मी बाटली अर्धी फिरवून ठेवायला सांगितली. एक सूचना राहिली होती, तीही दिली : बाटली उघडायची झाल्यास मैदानात न्यावी, आणि तेही मधल्या सुट्टीत डबे खाऊन झाल्यावर.